कणकवलीचा प्रिन्स

गेल्या महिन्यात मी पडले. घाटकोपरच्या मेट्रोच्या जिन्यावरून, भर दुपारी, हातात केळ्यांची पिशवी असताना. पायरीवर कुणीतरी पाणी सांडलं होतं आणि माझी चप्पल जुनी होती, एवढंच कारण. मधल्या सपाट जागेवर मी जाऊन आदळले तेव्हा समोरून येणाऱ्या दोन बायकांनी "अगं बाई" म्हणत डोळेच मिटून घेतले. उघडून बघतात तर मी उठून केळी गोळा करतेय. एक पोरगा धावत आला. म्हणाला, "काकी, लागलं नाही ना? आपण तर समजलो, वाट लागली तुमची!" मला हसू आवरेना. हनुवटी छातीला, श्वास सोडलेला, अंग कुशीवर, तळहात जमिनीवर सपाट. पन्नाशी उलटलेल्या बाईला इतकं रीतसर पडता येतं ते काही उगाच नाही. मला पडायला एका प्रिन्सने शिकवलं आहे.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी मुलुंडला गेले. पूर्वेच्या आमच्या जुन्या कॉलनीत आता ओळखीचं कुणी राहत नाही, तरी पाय वळले. मंडळाचा हॉल अजून उभा आहे. आत झुंबा चालू होता. मोठ्या आवाजात गाणी, भिंतभर आरसा, जांभळ्या रंगाच्या चटया. दारात उभी राहून मी वास घेत राहिले. खोबरेल, बाम, उन्हात तापवलेल्या कापसाच्या गाद्या, चहाच्या किटलीतलं आलं. यातलं तिथे काहीच नव्हतं. शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, "आंटी, जॉइन करायचंय?" मी म्हटलं, "नको गं, मी इथे आधीच शिकलेय."

आमच्या लहानपणी कॉलनीच्या पुढे नुसती मिठागरं होती. उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग असे चमकायचे की बाल्कनीत उभं राहवत नसे. ओहोटीला खाडीचा वास घरात शिरायचा, आणि बाहेरून आलेले पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला तो वास आला नाही तरच चुकल्यासारखं वाटायचं. दोरीवरचे कपडे खारे व्हायचे. आई म्हणायची, "आपल्याकडे भाजीत मीठ कमी पडलं तर खिडकी उघडावी." हिवाळ्यात रोहित पक्षी यायचे आणि आप्पा संध्याकाळी बांधावर जाऊन एकटेच बसायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. गिरणी बंद पडल्यावर ते लालबागहून इथे आले, भांडुपच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळू लागले. पण मनाने ते गिरणीच्या तालमीतून कधी बाहेर आलेच नाहीत.

त्या तालमीची माती मी पाहिली नाही, पण तिचा वास मला पाठ आहे, इतक्या वेळा आप्पांनी तो सांगितला. लाल माती, तिच्यात ताक, तेल, हळद, कापूर, लिंबू. पहाटे ती फावड्याने उकरायची, पाया पडायचं, मगच लंगोट आवळून आत उतरायचं. त्यांचे वस्ताद साताऱ्याकडचे. त्यांचं एक वाक्य आप्पा आम्हाला भात कालवताना, अभ्यास घेताना, कुठेही ऐकवत: "समोरच्याची मान तुझ्या हातात असते. ती देवाची ठेव समज." आणि दुसरं वाक्य आप्पांचं स्वतःचं. ते मात्र ते क्वचितच बोलत, आणि बोलताना आपोआप ताठ बसत. "फडात माझी पाठ कधी मातयेक लागूक नाय." म्हणजे जत्रेतल्या, दंगलीतल्या कुठल्याही कुस्तीत त्यांना कुणी चीत केलं नव्हतं. आमच्याकडे ना जमीन होती ना दागिने. आप्पांची पाठ हीच आमची इस्टेट.

वसंतकाका आप्पांचा धाकटा भाऊ. त्याच तालमीत, त्याच वस्तादांच्या हाताखाली वाढलेला. कान दोघांचेही सारखेच मोडलेले, पैलवानांचे असतात तसे. मग तो बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरात उतरला तो परत चढलाच नाही. का, ते कुणी कधी नीट सांगितलं नाही. गिरणीतून पळालेला माणूस तिकडेही आधी कापडगिरणीतच लागला, हे मात्र काका हसून सांगायचा. मग गिरणीतल्या कुणीतरी त्याला कुस्त्यांच्या ठेकेदाराकडे नेलं. ठेकेदाराला हिंदुस्थानातला राजा हवा होता. "तुझं राज्य कुठलं?" त्याने विचारलं. काकाने क्षणभर विचार केला आणि खरं ते सांगितलं. म्हणून तिकडच्या टीव्हीवर, शनिवारी दुपारी, फुटबॉलचे निकाल लागायच्या आधी, सोनेरी झगा आणि मोरपंखी फेटा घालून जो पैलवान रिंगणात येई त्याचं नाव होतं 'प्रिन्स ऑफ कणकवली'.

कणकवलीत हे कुणाला माहीत नव्हतं. तिकडे मात्र अख्ख्या देशाला माहीत होतं. सुरुवातीला त्याला दुष्ट राजा केलं होतं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या त्याला पर्सने बडवायच्या. एकीने तर टोपीची पिन पोटरीत खुपसली. काकाने वळून तिला नमस्कार केला, वाकून, दोन्ही हात जोडून, आपण थोरामोठ्यांना करतो तसा. ती बाई रडायलाच लागली म्हणे. त्या दिवसापासून त्याचा दुष्टपणा संपला आणि म्हाताऱ्या त्याच्या झाल्या. या उघड्या अंगाच्या राजाला थंडी वाजत असेल म्हणून त्या स्वेटर विणून पाठवू लागल्या.

ते स्वेटर मी डोळ्यांनी पाहिलेत. मी बारावीत असताना तिकडच्या टीव्हीने कुस्त्या बंद केल्या आणि काका परत आला, तेव्हा त्याच्या दोन ट्रंकांत स्वेटरच स्वेटर होते. मुलुंडमध्ये, ऐन मे महिन्यात! डांबराच्या गोळ्यांचा आणि परक्या लोकरीचा वास घरभर पसरला. आईने कपाळावर हात मारला. काकाने ते कॉलनीभर वाटले. पुढची कित्येक वर्षं आमचा वॉचमन, इस्त्रीवाला, भाजीवाली मावशी, सगळे हिवाळ्यात ते जाड, वेलबुट्टीचे स्वेटर घालून फिरत. कुठल्याशा इंग्रज आजीने छातीवर विणलेला मुकुट मिरवत आमची मावशी मेथीची जुडी निवडायची. काकाची तिकडची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. तो आमच्याच घरी, बाहेरच्या खोलीत राहू लागला. सकाळी सायीसकट दुधाचा चहा घ्यायचा आणि मला हाक मारायचा, "काय गो चेडवा, उठलंस?" मला तो फार आवडायचा. एवढा अवाढव्य माणूस, पण कपबशी खाली ठेवताना आवाज व्हायचा नाही.

आप्पांनी त्याला घरात घेतलं, जेवायला शेजारी बसवलं, आजारपणात डॉक्टरकडे नेलं. एकच गोष्ट केली नाही. त्याच्या कुस्तीला कुस्ती म्हटलं नाही. "ती नुरा," ते म्हणत. नुरा म्हणजे कोण जिंकणार ते आधी ठरवून खेळलेली कुस्ती. तालमीत याहून मोठी शिवी नव्हती. अशी कुस्ती खेळणाऱ्याला वस्ताद मातीला हात लावू देत नसत.

काकाने कधी नाकबूल केलं नाही. "ठरलेला असता, दादा," तो शांतपणे म्हणायचा. "पण पडाचा खराखुरा लागता. एकदा बघ तरी."

त्याला दुसरं काही नको होतं. लाखो लोकांनी पाहिलेली आपली कुस्ती आपल्या भावाने एकदा पाहावी, एवढंच. त्याने तिकडून एक कॅसेट आणली होती. त्या गणपतीत मंडळाने सिनेमांसाठी भाड्याने व्हीसीआर आणला तेव्हा पोरांनी हट्टाने ती लावली. हॉल खचाखच भरला होता, अगरबत्ती आणि खिरापतीचा वास होता. पडद्यावर काका आला, झगा उतरवला, चारी दिशांना नमस्कार केला, आणि हॉलमध्ये शिट्ट्यांचा पाऊस पडला. आप्पा उठले, चपला घातल्या आणि बांधाकडे चालू लागले. काकाने मान वळवून त्यांना जाताना पाहिलं. मग तो पुन्हा पडद्याकडे बघू लागला, पण त्याचं लक्ष उडालं होतं, ते मला शेजारून कळत होतं.

कुस्ती रंगली. समोर एक पिंपासारखा जाडजूड, पांढऱ्या केसांचा गोरा होता. दोऱ्या हलत होत्या, लाकडी पाटाचा धाडधाड आवाज येत होता, म्हाताऱ्या ओरडत होत्या. शेवटी तो जाड्या दोरांवर चढला, काकाच्या अंगावर पडला, पंचाने हात आपटत आकडे मोजले, आणि संपलं. शेजारच्या गायकवाडांचा बंटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "म्हणजे प्रिन्स हरला?"

"हरलो रे."

"मग तुम्ही जिंकता कधी?"

"जिंकतो ना. वर्षातून एकदा, नाताळात," काका म्हणाला, आणि सगळ्यात आधी तोच हसला.

पुढे दिवस असेच गेले. मिठागरांवर थोडी थोडी भरणी पडू लागली, मी कॉलेजात गेले, आप्पा निवृत्त झाले, गुडघे दुखतात म्हणून भिंतीला हात लावून चालू लागले. मग एका श्रावणात शेजारच्या गायकवाड काकींच्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला. गायकवाड काकी इस्पितळात नर्स होत्या. चौदा एप्रिलला त्यांच्या बाल्कनीत निळा झेंडा लागायचा आणि कॉलनीभर खीर वाटली जायची, ती खीर या सासूबाईंच्या हातची. आता त्या खिडकीजवळच्या खाटेवर कायमच्या पडून राहिल्या. काका बघायला गेला आणि हळहळून म्हणाला, "चालायला आई शिकवते. पडायला कोणी शिकवतच नाही हो."

गायकवाड काकी फटकळ. म्हणाल्या, "अहो प्रिन्स, नुसत्या गप्पा काय मारता? शिकवा ना मग! आमच्या वॉर्डात दर आठवड्याला असल्या म्हाताऱ्या येतात."

आणि खरंच रविवार सकाळचे वर्ग सुरू झाले. घराघरांतून गाद्या यायच्या, हॉलभर अंथरल्या जायच्या. कॉलनीतले यच्चयावत म्हातारे, नऊवारी, पायजमे, कवळ्या, कानटोप्या, ओळीने उभे. काका प्रत्येकाच्या मानेखाली पंजा धरून त्याला सावकाश खाली नेई. "हनुवटी छातीला लावा. श्वास सोडा, धरून ठेवू नका. हात आधी टेकायला जाऊ नका, मनगट जाईल; अंग टेकलं की मगच तळहात सपाट. कुशीवर वळा. जमीन काही आपली दुश्मन नाय." काय हसायचे सगळे! आयुष्यात कधी मोठ्याने न बोललेल्या जोशीबाई धप्पकन पडून "झकास!" म्हणून ओरडल्या होत्या. मीही शिकले, आईही शिकली. मी पुन्हा पुन्हा काकाला पडताना बघायची. एवढा देह जमिनीवर यायचा, आवाज तर केवढा व्हायचा, आणि मग तो असा सहज उठायचा की पाहणाऱ्याची भीतीच जायची. मी पुढे मोठमोठे गवई ऐकले, नाचणारे पाहिले. पण त्या पडण्याइतकं देखणं मी फार थोडं पाहिलंय, हे आजही छातीठोक सांगते.

आले नाहीत ते फक्त आप्पा. आई धास्तावलेली असायची. न्हाणीघराच्या दाराला कडी लावू नका म्हणून ओरडायची. "अहो, सगळी कॉलनी जाता. तुमकाच काय झाला?" आप्पा एकच उत्तर द्यायचे, "मी पाठ टेकूचंय नाय." बाहेरच्या खोलीत बसलेल्या काकाला ते ऐकू जायचं. तो दाढी करत असला तर करत राहायचा.

एके दिवशी दुपारी मी गायकवाडांकडे सासूबाईंना पेज द्यायला गेले. गायकवाड काकी ड्यूटीवर होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खाटेवर सासूबाई, आणि त्यांच्या उशाशी लाकडी खुर्चीवर आमचे आप्पा. समोर टीव्ही चालू, आवाज बंद. गायकवाडांकडे तोवर स्वतःचा व्हीसीआर आला होता आणि काकाची कॅसेट सासूबाईंनी करमणुकीसाठी मागून ठेवली होती. पडद्यावर काकाचा सोनेरी झगा चमकत होता.

"रोज दुपारी येत्यात तुझं आप्पा," सासूबाई डोळे मिचकावत म्हणाल्या. "मला म्हनले, कुनाला सांगू नका."

आप्पांनी मान वर केली नाही. कॅसेट मागे नेली, पुढे आणली, पुन्हा मागे नेली. मग मला म्हणाले, "हंय बघ."

पांढऱ्या केसांचा तो जाड्या दोरांवर चढत होता. आम्ही सगळ्यांनी पाहिलेलंच होतं ते. पण आप्पांनी चित्र थांबवत थांबवत पुढे नेलं तेव्हा दिसलं की चढताना त्या म्हाताऱ्याचा पाय दोरावरून सटकला होता. तो उडी मारत नव्हताच. तो डोक्यावर खाली येत होता. आणि काका, जो तोवर दूर उभा होता, तो पाखरासारखा आत घुसला, त्याची मान आपल्या छातीवर घेतली, त्याचं सगळं ओझं अंगावर घेऊन पाठीवर कोसळला आणि तसाच पडून राहिला. पंच आकडे मोजू लागला. बघणाऱ्यांना वाटलं, म्हातारा जिंकला.

"मानेवर पडतलो हुतो तो. मेलोच असतो," आप्पा म्हणाले. "ह्या काय ठरलेला नाय हुता, बाय."

मी पेजेचं भांडं हातात धरून उभीच. आप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. सासूबाईंनी हात लांब करून टीव्ही बंद करायची खूण केली. आप्पांनी केला नाही. कॅसेट अजून एकदा मागे नेली.

गेल्या महिन्यात हॉलच्या दारात उभी राहून मी हे सगळं आठवत होते. आता काका नाही, आप्पा नाहीत, सासूबाई तर केव्हाच गेल्या. मिठागरांच्या जागी रस्ता आहे, खाडीचा वास यायला वाऱ्याला बरंच लांबून यावं लागतं. झुंबावाल्या मुली घामाघूम होऊन पाणी पीत होत्या. त्यांना काय सांगणार, की जिथे तुमच्या बाटल्या ठेवल्यात तिथे एका रविवारी काय घडलं ते!

त्या रविवारी वर्ग संपत आला होता. काही जण गाद्या गुंडाळायला लागले होते. दारात आप्पा येऊन उभे राहिले. धुतलेलं धोतर, वर बंडी. गाद्या गुंडाळणारे हात थांबले, कारण दोघा भावांचं काय चाललंय ते कॉलनीला ठाऊक होतं. आप्पांनी चपला बाहेर काढल्या. आत येऊन वाकले, गुडघ्यांनी कुरकुर केली तरी पूर्ण वाकले, आणि गादीला हात लावून तो कपाळाला लावला. तालमीत मातीला लावतात तसा. काकाचा चेहरा पांढराफटक पडला. वस्तादांनी ज्याला माती नाकारली असती, त्याच्या गादीला दादा पाया पडत होता.

आप्पांनी हात पुढे केला. काकाने तो घेतला. दोघेही म्हातारे, मोडक्या कानांचे, एकमेकांच्या मानेवर हात टाकून वाकून उभे राहिले, कपाळाला कपाळ. वाटलं, आता हे खरंच लढणार. आई पुटपुटली, "देवा रवळनाथा!" मग काकाने ते केलं जे तो जन्मभर करत आला होता. तो सैल पडला आणि आप्पांच्या हाताखालून हळूच खाली जाऊ लागला, दादाला जिंकवायला.

आप्पांनी त्याला बगलेत धरून वर ओढलं.

"तू नको," ते म्हणाले. "तू खूप पडलंस. आता मी. शिकव."

काका काही केल्या हलेना. गायकवाड काकी कोपऱ्यातून ओरडल्या, "अहो प्रिन्स, शिकवा ना!" तेव्हा कुठे त्याने आप्पांच्या मानेखाली पंजा घातला. हनुवटी छातीला, म्हणाला. श्वास सोड, दादा. आप्पांनी श्वास सोडला. फडात कुणाला कधी लावता न आलेली ती पाठ हळूहळू खाली गेली आणि गादीला टेकली. पूर्ण टेकली, दोन्ही खांद्यांसकट. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आप्पा तसेच उताणे पडून वर पत्र्याकडे, पंख्याकडे, खिडकीतून आत पडलेल्या उन्हाकडे बघत राहिले. उठायची त्यांना जराही घाई दिसेना.

"वसंता," शेवटी ते म्हणाले, "हंयसून बरा दिसता रे सगळा."

काका त्यांच्या शेजारी गादीवर आडवा झाला.

"माका इचार, दादा," तो म्हणाला. "मी जल्मभर ताच बघत इलंय."